स्लॅब टाकल्यावर सळी तोलली

तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत काढली. काट्यावर चढवल्याशिवाय लोखंड आत घ्यायचं नाही आणि बाहेर सोडायचं नाही, हेच माझं काम. आणि स्वतःच्या घराची सळी मात्र न तोलता स्लॅबमध्ये जाऊ दिली. हसायचं त्यांनी हसा, पण खानापूर-निपाणीकडं कुणाचं बांधकाम निघणार असेल तर आधी हे वाचा.

दीड गुंठा जागा, खानापूर रोडला. ३० बाय २६, म्हणजे ७८० फुटांचं घर: सोपा, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं ९० फुटांचा पोर्च. एका जुन्या गवंड्यानं मटेरियलसह १,९५० रुपये फूट सांगितलं. पोर्च अर्ध्या मापानं, छज्जे हिशेबात नाहीत. दुसरा ठेकेदार १,६५० म्हणाला. मराठी बोलणारा, बायकोच्या माहेराजवळचा, चहाला बसला की सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करणारा. "अण्णा, तुम्ही कशाला काळजी करतासा? मी हाय की!" आपल्यातलाच म्हणून मी खोदून काही विचारलंच नाही. तिऱ्हाईत असता तर दहा प्रश्न विचारले असते.

करार कोर्टाजवळ टाईप करून घेतला, कानडीत. मला कानडी बोलता येतं, वाचताना मात्र अक्षर अक्षर लावावं लागतं. त्यानंच वाचून दाखवलं, मी सही केली. 'स्लॅबच्या मापाप्रमाणे' हे शब्द त्यानं वाचले की गाळले, आता आठवत नाही. भाषेला काय बोल लावायचा? शेजारच्या मास्तरांना कागद दाखवला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

मग घाई. मृगाच्या आत स्लॅब झाला पाहिजे. आमच्याकडं एकदा पाऊस लागला की सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकू, भिजत उभं राहतं. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. सळी आली संध्याकाळी, अंधारात उतरली, दुसऱ्या दिवशी बांधून झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर दारात. वजनकाट्याची पावती मागितली तर "देतो की, कुठं पळून जातोय?"

पंधरा दिवसांनी आवार झाडताना १२ एमएमच्या सळीचा तुकडा सापडला. उचलल्याबरोबर हलका वाटला. बरोबर एक मीटर कापून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला: ८०० ग्रॅम. हिशेब सोपा आहे. सळीचा व्यास एमएममध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ नं भागा. एका मीटरचं वजन किलोत निघतं. १२ एमएमला ८८८ ग्रॅम, १० ला ६१७, ८ ला ३९५. थोडं इकडंतिकडं चालतं, पण इथं दहा टक्के गायब. १२ एमएमची १२ मीटर लांब अख्खी सळी साडेदहा किलोच्या वर भरायला पाहिजे. उतरताना दोन सळ्या काट्यावर टाकल्या असत्या तर गाडी तशीच परत गेली असती.

विचारल्यावर तो चिडला, आणि प्लास्टर अर्धं टाकून बिल घेऊन आला. ७८० चे १,०१० फूट झाले होते! छज्जे ८४, पोर्च पूर्ण ९०, पायऱ्या २६, वर टाकीचा ओटा ३०. म्हणाला, "करार बघा की अण्णा." 'स्लॅबच्या मापाप्रमाणे', म्हणजे जेवढा स्लॅब पडला तेवढे सगळे फूट धरायचे. गावातल्या चौघांना बसवलं. पोर्च अर्धा धरून ९६५ फुटांवर मिटलं, म्हणजे १५,९२,२५०. जुन्या गवंड्याच्या हिशेबानं, पोर्च अर्धा धरून, ८२५ फुटांचे १६,०८,७५० झाले असते. वाचले साडेसोळा हजार. त्यातलेच काही नंतर इंजिनिअरला बोलावण्यात गेले.

त्याला सळी बांधून झाल्यावर, काँक्रीटच्या आधी बोलवायचं असतं. तेव्हा फी वाचवली होती. तो सगळं बघून म्हणाला, खोल्या लहान आहेत, एक मजल्याला घाबरू नका. वर मात्र चढवायचं नाही. थोरल्यासाठी वरचा मजला म्हणून कॉलमच्या सळ्या हातभर वर सोडल्या होत्या. त्यांना आता गंज चढतोय. थोरल्याला अजून सांगितलेलं नाही.