मांडवा ते तेरेखोल, महिलांची सायकल सहल: दहा महिन्यांनंतर, आणि राहिलेले अकरा किलोमीटर

मागच्या आठवड्यात यंदाच्या हंगामाची जाहिरात आली आणि तीन दिवसांत चौघींचे फोन आले. "तू गेली होतीस ना? जाऊ का?" चौघींना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. सहलीचा तक्ता सगळ्यांकडे आहेच: अलिबागजवळच्या मांडव्यापासून गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत, नऊ दिवस, कोकणच्या सागरी मार्गाने सुमारे ५४० किलोमीटर, सोळा जणी, एक सपोर्ट गाडी, एक मेकॅनिक, मागे एक स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी राहून मागे पडलेलीला सोबत करणारी. फी २४,५०० रुपये. सायकल आपली. माझी ७०० बाय ३५ टायरची हायब्रिड, वय एक्कावन्न, गाव कराड.

आधी तक्रार, कारण ती दहा महिने डोक्यात आहे.

चौथा दिवस, दापोलीजवळच्या मुरुडहून गुहागर. कर्दे, लाडघर, मग बुरोंडीचा चढ, पुढे कोळथरे आणि दाभोळच्या खाडीकडे उतार. त्या उतारावर माझं मागचं चाक बसलं. पंक्चर कुणाचंही होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. सहलीआधीच्या शिबिरात मेकॅनिक दादांनी ट्यूब बदलायला शिकवली होती, जादा ट्यूब माझ्याकडे होती. वीस मिनिटांत मी स्वतः टायर काढून ट्यूब बदलली. आयुष्यात पहिल्यांदा, रस्त्याच्या कडेला, कुणाच्या मदतीशिवाय. आणि हवा भरायला पंप नाही.

माझा हातपंप घरी होता. का, तर सामानाच्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं: "पंप आणू नये, गाडीत आहे." गाडीतला मोठा पंप खरंच उत्तम होता, पण गाडी त्या वेळी पुढच्या दहा जणींबरोबर जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीत, बसून धोपाव्याला पोचली होती. मधे वाशिष्ठीची खाडी. रस्त्याने पलीकडे जायचं तर चिपळूणचा वळसा. स्वीपताई माझ्याबरोबर थांबल्या होत्या, त्यांच्याकडे छोटा पंप होता, पण तो फक्त श्रेडर व्हॉल्व्हला बसणारा, म्हणजे मोटारसायकलला असतो तो जाड व्हॉल्व्ह. माझ्या सायकलला प्रेस्टा, बारीक, टोकाला छोटी चकती असलेला. सोळांपैकी तिघींच्याच सायकलींना प्रेस्टा होता आणि त्याचा विचार कुणी केला नव्हता.

आम्ही सायकल ढकलत दाभोळात आलो. गावात मोटारसायकलची पंक्चर काढणारे एक काका होते, त्यांचा कॉम्प्रेसर सुरू होता. त्यांनी नळी लावून पाहिली, फडकं गुंडाळून पाहिलं, हवा सगळी बाहेर. काकांना वाईट वाटलं, चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. जे हवं होतं ती करंगळीच्या नखाएवढी पितळी टोपी. प्रेस्टावर ती फिरवून बसवली की त्याचा श्रेडर होतो आणि जगातला कुठलाही पेट्रोलपंप, कुठलंही पंक्चरचं दुकान चालतं. मला ती नंतर चाळीस रुपयांना मिळाली. साडेचोवीस हजारांच्या सहलीत चाळीस रुपयांची वस्तू नव्हती.

मेकॅनिक दादा पुढच्या फेरीने पंप घेऊन परत आले. चाकात हवा भरून आम्ही पलीकडे उतरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. धोपाव्याहून सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, चढणारा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. खाडीच्या काठावरून सरळ वर, आणि वर पोचलं की जांभ्याचा उघडा कातळ, झाडाची सावली नाही. डिसेंबर असला तरी बाराचं ऊन ते बाराचंच. मी चढ पूर्ण केला. वर आल्यावर डोकं गरगरलं, ओआरएस पोटात टिकेना, तेव्हा सहलीच्या प्रमुखांनी मला गाडीत बसवलं. त्यांचा निर्णय बरोबर होता. पण गुहागरपर्यंतचे शेवटचे अकरा किलोमीटर मी खिडकीतून पाहिले.

नऊ दिवसांत मी बाकी एक मीटरही गाडीत बसले नाही. म्हणून हे अकरा टोचतात.

ही चूक फक्त टोपीची नाही, कोकणाचा रस्ता न ओळखण्याची आहे. या मार्गावर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्या बोटीने ओलांडायच्या असतात. घाटावर सपोर्ट गाडी पुढे गेली तर फोन केला की अर्ध्या तासात मागे वळते. इथे ती एकदा बोटीत चढली की मागे राहिलेल्या बाईचा आणि गाडीचा संबंध पुढच्या फेरीपर्यंत तुटतो. तेव्हा नियम एकच हवा: शेवटची सायकल बोटीत चढेपर्यंत गाडीने पाणी ओलांडायचं नाही. आणि स्वीपकडे दोन्ही व्हॉल्व्हचा पंप.

परत आल्यावर मी आयोजकांना पत्र लिहिलं. साडेचोवीस हजार भागिले ५४०, गुणिले ११: ४९९ रुपये. एवढे परत करा म्हटलं. आमच्या घरचे म्हणाले, सोडून दे, एवढ्यासाठी काय पत्रं लिहितेस. मी हिशेबाच्या खात्यात सत्तावीस वर्षं काढली आहेत, न दिलेल्या सेवेचे पैसे पाचशे असोत की पाच लाख, नोंद एकच असते. त्यांचं उत्तर आलं की असा परतावा नियमात बसत नाही, पुढच्या सहलीत दहा टक्के सवलत देऊ. म्हणजे माझे ४९९ मिळवायला मी आणखी बावीस हजार खर्च करायचे. मी नाही म्हटलं. मग पाच महिने काही नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मनापासून लिहिते आहे.

बायकांच्या सहलीचा खरा प्रश्न चढ नसतो, बाथरूम असतं. पाणी कमी प्यायचं, रोखून धरायचं, मग दुपारी डोकं दुखणार आणि संध्याकाळी जळजळ. आपण सगळ्याजणी एसटीच्या प्रवासात हेच करत मोठ्या झालो. इथे त्यांनी दर वीस-पंचवीस किलोमीटरला गावातलं एक घर ठरवून ठेवलं होतं. फाटकाला लाल फडकं बांधलेलं. आत स्वच्छ संडास, भरलेली बादली, साबण, कोरडा टॉवेल, कागदी पिशव्या. घरातल्या बाईंना त्याचे ठरलेले पैसे दिले जात होते, कुणाच्या भलेपणावर ढकललेलं नव्हतं. पहिल्या दिवशी रेवदंड्याच्या पुढे ते लाल फडकं दिसलं तेव्हा मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझी पाळी सुरू झाली, तेव्हा कळलं. त्या दिवशी हरिहरेश्वर, बागमांडल्याची बोट, केळशी, आंजर्ले असा सगळा चढउतार होता आणि मी दिवसभरात साडेतीन लीटर पाणी न भिता प्यायले. केळशीच्या काकूंनी गरम पाणी विचारलं. मी काही बोलले नव्हते, त्यांनीच ओळखलं.

हे एवढं नीट करणाऱ्या माणसांना चाळीस रुपयांची टोपी सुचू नये, याचाच मला राग येतो.

सॅडलबद्दल चौघींपैकी दोघींनी विचारलं. मी आधी जाड जेलची रुंद सीट घेतली होती, नऊशे रुपये गेले. शिबिरात त्यांनी कोरुगेटेड पुठ्ठ्यावर बसवलं, उठल्यावर दोन हाडांचे खड्डे पडतात, त्यांच्या मधलं अंतर मोजलं. त्याप्रमाणे थोडी कडक, मधे खाच असलेली सॅडल घेतली. मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि वजन नको तिथे येतं. पहिले दोन दिवस मला तरी वाटलं की फसवलं. पाचव्या दिवसापासून दुखायचं थांबलं आणि आज दहा महिने तीच सॅडल आहे. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नाही हेही तिथेच पहिल्यांदा कुणीतरी स्पष्ट सांगितलं. पुरुषांच्या घोळक्यात मी ते विचारलं नसतं.

जेवण चांगलं, मासे ताजे, शाकाहारी जणींची आबाळ नाही. नाश्ता उशिरा मिळतो, सोबत केळी ठेवा.

पहाटे साडेपाचला निघण्याच्या नियमावर माझं मत बदललं आहे. सहलीत मी त्यावर सगळ्यांत जास्त कुरकुरले. सुट्टीवर आलोय, साडेसहाला निघू, असं दोनदा बोललेही. गुहागरच्या त्या दुपारनंतर मी गप्प झाले. सड्याचे चढ दहाच्या आत संपवायचे असतील तर साडेपाचच लागतात. आता कराडातही मी पावणेसहाला बाहेर असते, आगाशिवाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येते.

गिअरचंही सांगते. पुढे तीन चकत्या आणि मागची सगळ्यांत मोठी चकती बत्तीस-चौतीस दात्यांची असेल तर बहुतेक चढ बसून निघतात. आमच्यातली एक मुलगी पातळ टायरच्या रोड बाइकवर आली होती, तिला आरे-वारेचा समुद्र दिसत होता तोवर आनंद होता, पण जैतापूर, विजयदुर्ग, देवगड या पट्ट्यात खाडीला उतरा आणि पुन्हा वर चढा, असं दिवसभर चालतं. ती उतरून चालली. वेग दाखवायचा हा मार्ग नाही. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या काकू त्रेसष्ट वर्षांच्या, पूर्ण मार्ग त्यांनी सायकलवर केला. माझ्यापेक्षा अकरा किलोमीटर जास्त.

भाची म्हणाली होती की एवढे पैसे देऊन कशाला, पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये जगाला सायकलवर फेरी मारली, १५९ दिवसांत, बहुतेक वाट एकटीने. मला तिचं फार कौतुक आहे. पण मी विशीतली नाही, आणि मला एकटीने काही सिद्ध करायचं नव्हतं. मला रात्री दुसऱ्या बाईच्या पायाला तेल चोळत गप्पा मारायच्या होत्या. त्याचे पैसे मी दिले आणि ते वसूल झाले.

इथवर लिहून दोन दिवस ठेवलं होतं. काल सहलीच्या प्रमुखांचा स्वतःहून फोन आला. यंदाच्या यादीतून "पंप आणू नये" ही ओळ काढली आहे. स्वीपकडे दोन्ही व्हॉल्व्हचा पंप आणि तीन पितळी टोप्या असतील. गाडी शेवटच्या सायकलीबरोबरच बोटीत चढेल, मेकॅनिक मात्र पुढच्या जणींबरोबर आधी पलीकडे जाईल, म्हणजे दोन्ही काठांवर कुणीतरी असेल. हे माझ्या मागणीपेक्षा चांगलं आहे, मला ते सुचलं नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं. त्यामुळे चौघींना माझं उत्तर: जा. वर लिहिलेलं मी खोडत नाही, कारण तेव्हा तसंच घडलं होतं. ४९९ रुपये अजून आलेले नाहीत आणि ती मागणीही मी मागे घेतलेली नाही. फोनवर पुन्हा विचारलं, त्या म्हणाल्या बघते.

जाताना एवढं मात्र तपासा. आपल्या व्हॉल्व्हचा प्रकार बघा, प्रेस्टा असेल तर टोपी घ्या आणि ती हातपंपाच्या पिशवीत न ठेवता व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा, म्हणजे राहत नाही. कॉम्प्रेसरने भरताना थोडी थोडी हवा सोडायला सांगा, सायकलची ट्यूब लहान असते, क्षणात फुटते.

गेल्या महिन्यात आम्ही तिघी, सहलीतल्याच, दापोलीला मुक्काम करून पहाटे गाडीला सायकली बांधून दाभोळला गेलो. पहिल्या फेरीने पलीकडे. धोपाव्याचा चढ मी न उतरता केला. डिसेंबरात जिथे करपलेलं गवत आणि काळा कातळ होता तिथे सड्यावर पाणी झिरपत होतं आणि सीतेची आसवं फुलली होती, जांभळी चादर दोन्ही बाजूंना. ज्या वळणावर मला गाडीत बसवलं होतं ती जागा ओळखू आली, तिथे एक पांढरा मैलाचा दगड आहे. तिथून मी सायकलच्या मीटरवर शून्य लावलं. गुहागरच्या बाजारपेठेत आकडा आला अकरा पूर्णांक दोन.