पलटणीतल्या पणजोबांचा शोध: वर्गणीची वेबसाइट की कमिशनची यादी?

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला (आजच्या इराकला) गेलेला पूर्वज शोधायचा तर आज सातारा-रत्नागिरीकडच्या माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. वंशावळीच्या एखाद्या विलायती वेबसाइटची वर्गणी भरायची, किंवा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेची, फुकट पाहता येणारी यादी चाळायची. मी दोन्ही वापरल्या. शोध होता पणजोबांच्या धाकट्या भावाचा. ११७ मराठा पलटणीत शिपाई, मेसोपोटेमियातल्या कुत या गावी गेला आणि परत आला नाही, एवढंच घरात माहीत होतं.

वर्गणीची वेबसाइट वाईट नाही, हे आधी सांगतो. तुमचा पूर्वज गोऱ्या पलटणीत असेल, किंवा घराणं अँग्लो-इंडियन असेल, तर मुंबई इलाख्यातल्या चर्चचे बाप्तिस्मा, लग्न, दफनाचे दाखले तिथे मिळण्याची चांगली शक्यता असते. अशा शोधात पैसे वसूल होतात. मात्र ज्या सेवापुस्तकांची जाहिरात होते ती ब्रिटिश फौजेची असतात. त्यातलीही बरीच सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात लंडनमध्ये जळाली. हिंदी, म्हणजे भारतीय, पलटणीतल्या शिपायांची पुस्तकं त्या संग्रहात नाहीतच. वर्गणी भरण्याआधी एवढं माहीत असावं.

माझा निर्णय मात्र शोधाच्या चौकटीने केला. मी घेतलेल्या वेबसाइटवर आडनाव, नाव आणि जन्मसाल विचारत. आपल्या शिपायाचं जन्मसाल घरात कोणाला ठाऊक नसतं. आडनावाचं तर विचारूच नका. भरतीच्या वेळी कारकुनाने कानावर पडलं तसं रोमन लिपीत लिहिलं, म्हणून जाधवांचे जादव, जाधाओ, जादो असे काहीही झालेले. प्रत्येक रूप घालून पाहावं, तर वेबसाइट मिळत्याजुळत्या उच्चाराची म्हणून यॉर्कशायरच्या माणसांची रांग लावणार. गावाचं नाव टाकायला जागाच नाही. अहो, आपल्याकडे माणूस गावावरून ओळखतात! खेड तालुक्यातला अमक्याचा मुलगा म्हटलं की घर सापडतं. तीच खूण जिथे चालत नाही, तिथे रोज रात्री नव्याने नाव ठोकत बसायचं याचा मला फार कंटाळा आला.

कमिशनच्या यादीत नावाची चौकट कोरी ठेवून नुसती पलटण निवडता येते. आलेली यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची आणि नावाच्या रकान्याकडे सुरुवातीला बघायचंच नाही. शेवटी ‘अधिक माहिती’चा रकाना असतो. त्यात बऱ्याच शिपायांपुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, ‘बॉम्बे’ असं ओळीने दिलेलं असतं. ११७ मराठाचा तो रकाना मी गावांच्या क्रमाने लावला आणि आमचं गाव सापडलं. आमच्या माणसाचं नाव इतकं मोडलेलं होतं की नावाने शोधून ते कधीच मिळालं नसतं. बापाचं नाव आणि तालुका मात्र बरोबर होता. त्याच्या नावापुढे स्मारक लिहिलेलं होतं इराकमधल्या बसऱ्याचं.

या स्मारकाबद्दल एक गोष्ट माहीत असावी. १९२९ मध्ये उघडलेल्या त्या भिंतींवर गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांची नाही, त्यांचा पलटणीवार फक्त आकडा. आपल्याकडच्या गावांतल्या संगमरवरी पाट्यांचंही तेच: इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. म्हणून ही यादी मला फार मोलाची वाटते. भिंतीवर जागा न मिळालेला माणूस इथे बापाच्या आणि गावाच्या नावासकट उभा आहे.

यादीला मर्यादा आहेत. काही ओळींत गाव नसतं. आणि मुख्य म्हणजे ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात मेलेल्यांचीच ती नोंद आहे (दुसऱ्या महायुद्धाची वेगळी). २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं, म्हणजे तिथे वेढ्यात अडकलेली ब्रिटिश-हिंदी फौज तुर्कांना शरण गेली, तेव्हा १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. त्या कैदेतून जिवंत परतलेला पणजोबा तुम्हाला इथे दिसणार नाही.

परत आलेल्यासाठी मी तरी आधी ट्रंकेतलं पदक काढीन. चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलची कड उजेडात हळूहळू फिरवा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण हे बारीक रोमन अक्षरांत ठोकलेलं असतं. पदक काशाचं असेल तर माणूस बहुधा लढणाऱ्यांत नव्हता, फौजेबरोबरच्या कामगारांत होता. पलटण कळली की १९२२ ची फेररचना लक्षात ठेवा: १०३ ची मराठा लाइट इन्फन्ट्रीतली पहिली बटालियन झाली, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला पत्र लिहायचं तर जुना आणि नवा असे दोन्ही आकडे द्या. १११ महारचा शिपाई असेल तर वाट अवघड आहे. ती पलटण १९१७ ला उभी राहिली आणि युद्धानंतर काही वर्षांतच मोडली.

तुमची परिस्थिती वेगळी असू शकते. पण पूर्वज हिंदी पलटणीत होता आणि परत आला नाही, एवढं नक्की असेल तर वर्गणीला हात लावण्याआधी पलटणीची पूर्ण यादी उतरवून घ्या. गावाचं रोमन स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हेने पाहा, तालुक्यावरून तर पाहाच. त्यानंतरही गोरी पलटण किंवा चर्चचा दाखला निघण्याची शक्यता वाटली, तर एका महिन्याची वर्गणी पुरे होते.