अमाल्फीची फेर्रिएरे दरी : लेक आणि सासूबाई बरोबर असताना करावी अशी वाट

दक्षिण इटलीतल्या अमाल्फीच्या किनाऱ्यावर एकच दिवस हातात असेल आणि सोबत लहान मूल आणि सत्तरीकडे झुकलेली आई असेल, तर ती प्रसिद्ध 'देवांची वाट' राहू द्या आणि वाल्ले देल्ले फेर्रिएरे, म्हणजे फेर्रिएरेची दरी करा. बोमेरानोहून नोचेल्लेकडे जाणारी देवांची वाट देखणी आहे, त्यात वाद नाही. पण तिथे बराच वेळ डोक्यावर ऊन, एका बाजूला खोल उतार आणि हंगामात माणसामागे माणूस. निळा समुद्र एकदा डोळे भरून बघून झाला की मुलांना तिथे करण्यासारखं फारसं काही उरत नाही. फेर्रिएरेच्या दरीत झुळझुळ पाणी आहे, दाट सावली आहे, लिंबांच्या बागा आहेत आणि पडके कारखाने आहेत. वरच्या अंगाला लोखंडाचे, खालच्या अंगाला कागदाचे. राजवाड्यांचे अवशेष युरोपात पावलोपावली दिसतात. जिथे माणसांनी घाम गाळून काही बनवलं, अशा जागांचे अवशेष इतक्या जवळून, झाडीत चालत चालत बघायला क्वचित मिळतात. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी पुण्यात मोडी कागदपत्रं वाचायचं काम करते. जुन्नरी आणि दौलताबादी कागद रोज हाताखालून जातो, त्यामुळे कागद कुठे आणि कसा बनायचा, हा माझा जिव्हाळ्याचा विषय. तरीही ही सहल माझ्या एकटीसाठी आखलेली नव्हती. बरोबर नवरा, नऊ वर्षांची लेक आणि गुडघ्यांना जपून चालणाऱ्या सासूबाई होत्या. चौघांनाही दिवस आवडला आणि यापेक्षा मोठी पावती मला देता येणार नाही.

मुक्काम अमाल्फीत करायची गरज नाही. आम्ही सालेर्नोला उतरलो होतो. राहायला स्वस्त, नेपल्सहून रेल्वेने सहज येता येतं आणि बंदरातून अमाल्फीची बोट साधारण पस्तीस मिनिटांत पोचवते. घाटरस्त्याने बस लागणाऱ्या मंडळींना ही बोट म्हणजे वरदान आहे. मात्र बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच काळात नीट चालतात आणि समुद्र खवळला की बंद राहतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी चौकशी करून ठेवावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही वाट वरून खाली करा. अमाल्फीतून चढायला लागलात तर पायऱ्या संपता संपत नाहीत आणि घरच्या मोठ्या माणसांचा उत्साह पहिल्या तासातच आटतो. अमाल्फीच्या धक्क्याजवळून रावेल्लो-स्कालाकडे बस सुटते, तिने पोन्तोने गाठायचं. तिकीट आधीच तंबाखूच्या दुकानात काढून ठेवायचं आणि चढताना चालकाला 'पोन्तोने?' एवढं विचारायचं, कारण प्रत्येक बस गावात शिरत नाही. काही बस फाट्यावर सोडतात, तिथून थोडं चालावं लागतं. पोन्तोने हे स्कालाचंच एक छोटं गाव. चौकात चर्च, एकदोन खाण्याच्या जागा आणि पाणी भरून घ्यायची सोय. बाटल्या इथेच भरा.

दरीत शिरण्याआधी गावाच्या टोकाला असलेल्या सान्त'एउस्ताकियोच्या पडक्या चर्चपर्यंत जाऊन या. हे बाराव्या शतकातलं. द'आफ्लित्तो या धनाढ्य व्यापारी घराण्याने बांधलेलं. छप्पर केव्हाच गेलं. उरल्यात त्या मागच्या बाजूच्या अर्धगोल भिंती, आणि त्यांच्यावर एकमेकींत गुंफलेल्या कमानींची दोनरंगी दगडी नक्षी. ती नक्षी बघताना सिसिलीतल्या अरबी-नॉर्मन वास्तूंची फोटोत पाहिलेली कामं आठवली. तिथून समोरच्या डोंगराच्या सोंडेवर तोर्रे देल्लो झिरो हा बुरूज दिसतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला अमाल्फीची डचेस जोव्हान्ना द'आरागोना हिला मुलांसकट तिथे कोंडून मारलं, अशी दंतकथा सांगतात. लेकीला ही गोष्ट अर्धवटच सांगितली. बुरुजापर्यंत स्वतंत्र वाट आहे, पण एका दिवसात दोन्ही करायला जाऊ नका.

पोन्तोनेहून निघालेली वाट सुरुवातीला डोंगराच्या कडेकडेने जवळजवळ सपाट जाते. खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि त्यांवर चेस्टनटच्या खांबांचे मांडव. त्यांच्याखाली लिंबं. इथलं 'स्फुसातो' लिंबू लांबट, टोकदार, आपल्या कागदी लिंबाच्या कितीतरी पट मोठं. जाड सालीचं आणि वासाला फार गोड. मांडवाचे खांब वरच्या जंगलातून येतात आणि शेतांचे बांध चुन्याशिवाय, नुसत्या दगडावर दगड रचून उभे आहेत. माझ्या सासूबाई कोकणातल्या. त्यांनी एका बांधाजवळ थांबून दगड कसे कलते बसवलेत ते हाताने चाचपून बघितलं आणि म्हणाल्या, "हे बांधणाऱ्याला पाऊस ठाऊक होता." आमच्या बरोबरीने चालणारं एक जर्मन कुटुंब तेवढ्यात पुढे निघून गेलं. आम्ही तिथे दहा मिनिटं होतो आणि ती दहा मिनिटं सत्कारणी लागली.

पुढे वाट जंगलात शिरते आणि हवा एकदम गार होते. उत्तरेकडून लात्तारी डोंगरांची भिंत थंड वारे अडवते, दक्षिणेला दरी समुद्राकडे उघडी आणि वरून बारमाही पाणी. त्यामुळे इथे ओलसर उबदार हवा टिकते आणि तिच्यात वुडवर्डिया रॅडिकन्स हे फार प्राचीन नेचं तग धरून राहिलंय, हिमयुगाच्याही आधीच्या उष्ण काळातलं. त्याचं पान मोठं होऊन वाकतं, टोक जमिनीला टेकतं आणि तिथूनच नवं रोप मुळं धरतं. हे राखण्यासाठीच १९७२ मध्ये इथे सरकारी राखीव क्षेत्र झालं. सगळ्यात आतला भाग कुंपणाने बंद असतो आणि तो बघायचा तर आधी चौकशी करून नोंदणी करावी लागते. आम्ही बाहेरूनच फिरलो आणि काही चुकल्यासारखं वाटलं नाही. धबधबे आणि ओढ्यावरचे लाकडी पूल बाहेरच्या वाटेवरही आहेत. मुलांनी पाण्यात पाय सोडून बसावं अशा जागा भरपूर. जेवणाचे डबे आम्ही तिथेच उघडले.

लोखंडाचा कारखाना याच सावलीत, कान्नेतो ओढ्याच्या काठावर उभा आहे. फेर्रिएरे हे दरीचं नाव त्याच्यावरूनच पडलं. छप्पर नाही, मजले कोसळलेले, पण भिंती उंच, कमानी शाबूत आणि खिडक्यांतून बाहेर आलेली वेल. भिंतीत एका ओळीत चौकोनी भोकं दिसतात, ती मजल्याच्या तुळया बसवायची. चौदाव्या शतकापासून इथे लोखंड घडत होतं. लोखंडाचं खनिज यायचं एल्बा बेटावरून, म्हणजे आधी जहाजाने अमाल्फीपर्यंत आणि मग दरीतून वर. इतका खटाटोप का करायचा, हा माझ्या नवऱ्याचा प्रश्न. तो यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे, त्याने उत्तरही स्वतःच शोधलं. भाते आणि घण हलवायला पाणी हवं आणि भट्टीला कोळसा हवा. दोन्ही दरीतच होतं. खनिज वर आणणं, हे पाणी आणि जंगल खाली नेण्यापेक्षा सोपं. मग तो लेकीला पाणी कुठून यायचं, चाक कुठे असेल, हे शोधायला घेऊन गेला. पाण्याच्या जुन्या पन्हळींचे तुकडे अजून आहेत, कमानींवर तोललेले. त्यांवर पाण्यातल्या चुनखडीचे इतके थर चढलेत की दगड कुठे संपतो आणि साचलेला चुना कुठे सुरू होतो, ते कळत नाही. लेक त्या थरांवर बराच वेळ बोट फिरवत राहिली.

एक सूचना कळकळीने करते. मुलांना या भिंतींच्या आत सोडू नका. माथ्यावरचे दगड सुटे आहेत, जमिनीत खड्डे आहेत. बाहेरून सगळं दिसतं. इथे नेमकं काय, कसं चालायचं, हे सांगणारा एखादा चांगला तपशीलवार फलक मला हवा होता. एवढी मोलाची जागा बघून लोक फोटो काढतात आणि पुढे जातात, याचं वाईट वाटतं.

तिथून खाली उतार वाढतो आणि कागदगिरण्यांचे अवशेष सुरू होतात. एकच ओढा, आणि त्याच्या काठाने एकाखाली एक गिरण्या. वरच्या गिरणीचं पाणी सुटायचं ते खालचीच्या चाकावर. कागदाची विद्या अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी अरबांकडून आणली असं मानतात. नव्या वस्तूवर विश्वास बसायला वेळ लागतो. त्या काळी या भागावर राज्य करणारा सम्राट फ्रेडरिक दुसरा याने १२३१ मध्ये सरकारी दस्त कागदावर करायला बंदी घातली, ते चामड्यावरच व्हायला हवेत म्हणून. रोज दोन-अडीचशे वर्षं टिकलेला कागद हाताळणाऱ्या मला त्या बंदीबद्दल तिथे उभं राहून बोलावंसं वाटलं आणि मी बोललेही. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची जी परंपरा आहे, तीही मुस्लिम कारागिरांनीच रुजवलेली. एकाच विद्येच्या या दोन फांद्या. तिकडच्या कागदाला जनावरांच्या कातड्याची सरस, कारण पिसाची टोकदार लेखणी. आपल्याकडे खळ लावून, दगडाने घोटून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग, कारण बोरू.

या गिरण्या मरत गेल्या त्या हळूहळू. यंत्राचा कागद स्वस्त झाला, अरुंद दरीत मोठी यंत्रं आणि गाड्या येईनात, आणि १९५४ च्या पुराने उरल्यासुरल्यांतल्या बहुतेकांचा शेवट केला. आज छप्पर उडालेल्या गिरण्यांत अंजिराची झाडं उभी आहेत. वरच्या मजल्यांना ओळीने मोठाली उघडी खिडकीवजा भोकं दिसतील, तिकडे लक्ष द्या. ओले कागद दोरीवर वाळत घालायचे ते तिथे, समुद्रावरचा वारा घेऊन.

हे सगळं बघितल्यावर वाटेच्या शेवटी, गावात शिरता शिरता लागणारं कागद संग्रहालय चुकवणं म्हणजे अर्ध्या ताटावरून उठणं. जुन्या गिरणीतच आहे ते. शेवटचे मालक निकोला मिलानो यांनी ती संग्रहालयासाठी दिली. मार्गदर्शक इंग्रजीत सांगतात, फार लांबण लावत नाहीत. तळघरात त्यांनी पाणी सोडलं, चाक फिरलं आणि भलेमोठे लाकडी हातोडे दगडी कुंडांत धाडधाड पडायला लागले. कागद व्हायचा तो सुती आणि लिननच्या चिंध्यांपासून. हातोड्यांच्या तोंडांना खिळे आहेत आणि कुंडागणिक ते वेगळे, म्हणजे चिंधी आधी फाटते, मग लगदा बारीक होत जातो. अठराव्या शतकात आलेलं डच यंत्रही शेजारीच आहे. तेच काम ते पुष्कळ लवकर करतं.

मग लेकीची पाळी आली. पातळ दुधट लगद्याच्या टाकीत तारेची चौकट तिरपी घालायची, आडवी करून वर उचलायची आणि हलकेच हलवायची. पाणी खाली गळून जातं आणि तारेवर पांढरा थर राहतो. तो लोकरीच्या ओल्या कापडावर उलटा दाबला की कागद चौकटीतून सुटतो. तिचा एक कोपरा जाड झाला. मार्गदर्शकबाईंनी तयार वाळलेला एक ताव उजेडासमोर धरला, त्यात तारांच्या रेघा आणि मध्ये पाणचिन्ह. तारेवर आणखी एक तार शिवलेली असते, तिथे लगदा पातळ बसतो, म्हणून चिन्ह दिसतं. इतकी वर्षं मी पाणचिन्हं बघतेय, पण ती शिवलेली तार प्रत्यक्ष बघितली ती इथे.

ज्यांना कागद विकत घ्यायचाय त्यांनी संग्रहालयाच्या दुकानात घ्यावा, किंवा आमात्रुदा घराण्याची गिरणी अमाल्फीत आजही हातकागद करते, तिचा बघावा. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांत अमाल्फीचं नाव लावून काय काय विकतात, त्यापेक्षा हे खात्रीचं.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. इथली जाड, आखूड 'शालातिएल्ली' शेवई टोमॅटो-वांग्याबरोबर मिळते. दरीत उतरताना बागेपाशी लिंबाचं सरबत किंवा बर्फाचा गोळा मिळाला तर दवडू नका. चौकातल्या एका नावाजलेल्या जागी मात्र आम्हाला बिलात न मागितलेले पदार्थ लावले होते. यादी दाखवून विचारल्यावर काढले. बिल वाचूनच पैसे द्या.

एकूण चार-पाच तास हाताशी ठेवा, त्यात संग्रहालय धरून. बाबागाडी चालणार नाही, तान्हं मूल पाठीवर घ्यावं लागेल. चपला नकोत, तळाला पकड असलेले बूट हवेत, कारण पाण्याजवळचे दगड शेवाळलेले असतात. सासूबाईंना उतारासाठी दोन काठ्या दिल्या होत्या आणि त्या कामी आल्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी ही वाट करू नये, त्यांनी खालून अमाल्फीतून पहिल्या पडक्या गिरणीपर्यंत चालत जावं आणि संग्रहालय बघावं. पावसानंतर लगेच दरीत जाऊ नका, ओढा बघता बघता फुगतो. आणि सालेर्नोची शेवटची बोट किती वाजता, ते सकाळी उतरल्या उतरल्या धक्क्यावरच्या खिडकीत विचारून घ्या. हंगामाच्या दोन्ही टोकांना ती बरीच लवकर सुटते.