छत्रीचं चित्र फुटतंय: बूस्टर लावावा की केबल बदलावी?

फ्री डिश असो की महिन्याला पैसे भरायची डीटीएच, छत्री जागेवर असूनही चित्रात चौकोन पडू लागले की दुकानात दोन उपाय सुचवले जातात: केबलच्या मधे सिग्नल वाढवणारा लाइन बूस्टर, नाहीतर छत्रीपासून बॉक्सपर्यंत नवी आरजी-६ केबल. बूस्टर पाच मिनिटांत लागतो. वेगळी वीज नको, बॉक्सकडून एलएनबीला (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग) जाणाऱ्या १३-१८ व्होल्टवरच तो चालतो. केबल बदलायची तर अर्धा दिवस मोडतो. तरी माझा कल केबलकडे आहे.

त्याचं कारण बॉक्सच्या मेनूतल्या दोन पट्ट्या: स्ट्रेंथ म्हणजे सिग्नलचा जोर आणि क्वालिटी म्हणजे त्याचा स्वच्छपणा. बूस्टर लावला की स्ट्रेंथ झपकन वर जाते आणि काम झालं असं वाटतं. क्वालिटी तिथेच राहते, कारण सिग्नलबरोबर त्यातला गोंगाटही तेवढाच वाढतो. मृगाच्या पहिल्या सरीला चित्र पुन्हा फुटतं, आणि आता तपासायला आणखी दोन जोड झालेले असतात. हे मला फार खटकतं.

शिवाय गरजही क्वचितच असते. एलएनबी सिग्नल ५०-६० डीबीने (डेसिबल, सिग्नल किती वाढला-घटला याचं माप) वाढवूनच खाली पाठवतो. चांगल्या आरजी-६ च्या २५ मीटरमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीला सात-आठ डीबी जातात, तेवढे सहज खपतात.

आपल्याकडे खरा घोटाळा बहुधा केबलचाच असतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, हलक्या केबलचं आवरण कडक होऊन तडकतं. त्याच दिवसांत गच्चीवर बिबड्या, कुरडया वाळत असतात आणि केबल पायाखाली मुरडते. एलएनबीकडचा कनेक्टर सोडून बघा: केबलच्या आवरणाखालची तारांची जाळी काळी पडली असेल किंवा पांढरी भुकटी धरली असेल, तर बूस्टरचा विचार सोडा. ठराविकच चॅनेल गेले असतील, तर बॉक्स ज्यांच्यासाठी १३ ऐवजी १८ व्होल्ट पाठवतो, तेच गेलेत का ते पाहा. तसं असेल तर व्होल्टेज वाटेतच पडत असण्याची शक्यता मोठी, आणि बूस्टर करंट ओढून ते आणखी पाडेल.

काम सुरू करण्याआधी बॉक्सचा प्लग काढा. मधली तार जाळीला टेकली तर बॉक्स जाऊ शकतो. नवी केबल काळ्या, उन्हात टिकणाऱ्या आवरणाची आणि मधली तार पूर्ण तांब्याची घ्या. पोलादावर तांब्याचा मुलामा असलेली स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर व्होल्टेज तिच्यातच जास्त पडतं. कनेक्टर पिळून बसवायचा नको, दाबून बसणारा कॉम्प्रेशनचा हवा. पिळलेला उन्हा-वाऱ्याने ढिला होतो. जाळी मागे दुमडताना तिचा एकही केस मधल्या तारेला लागू देऊ नका. तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटरच ठेवा. एलएनबीखाली केबलला लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून गळेल आणि कनेक्टरात उतरणार नाही. जोडावर स्वतःलाच चिकटणारा रबरी टेप ताणून गुंडाळा. साधा काळा टेप उन्हात सुटतो.

बूस्टर मी अगदीच मोडीत काढत नाही. वाड्याच्या गच्चीवरून मागच्या खोलीपर्यंत ५० मीटरच्या आसपास अंतर असेल, केबल नवी असेल, एलएनबीजवळ लावून पाहिलेल्या बॉक्सवर क्वालिटी उत्तम आणि खोलीत कमी दिसत असेल, तर तो जरूर लावा. मात्र ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा घ्या, केबल टीव्हीचा इथे चालत नाही. तो टीव्हीमागे न लावता एलएनबीजवळ, पावसापासून झाकून आणि बाण बॉक्सकडे ठेवून लावा.