एअरसॉफ्टची बॅटरी तापतेय: नवी घ्यावी की गिअरबॉक्स उघडावा?

बंदुकीच्या दस्त्याला, म्हणजे मागच्या भागाला, गाल टेकवला आणि तो गरम लागला की पहिला विचार नव्या बॅटरीचा येतो. माझंही तसंच झालं. इंग्लंडमध्ये आम्ही काही मराठी मंडळी रविवारी जंगलातल्या मैदानावर एअरसॉफ्ट खेळतो, म्हणजे बॅटरीवरच्या बंदुकांनी प्लास्टिकचे छर्रे मारत लुटुपुटूची लढाई. बाहेर 4 अंश तापमान, बोटं गारठलेली, आणि दस्त्यातून काढलेली 7.4 व्होल्टची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) मात्र हातात धरवत नव्हती. मी घाईघाईने 11.1 व्होल्टची घेतली. दोन आठवड्यांत गिअरबॉक्समधल्या पिस्टनचे दात गेले (मोटर गिअर फिरवते, गिअर पिस्टनला मागे ओढून स्प्रिंग ताणतात, ती सुटली की छर्रा उडतो) आणि बॅटरी तापायची ती तापतच राहिली. तुमच्यासमोर आज हाच प्रश्न असेल, तर पैसे कुठे आधी घालावेत हे ठरवायला पुढचं उपयोगी पडेल.

आधी हात लावून पाहा. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर 2-3 मिनिटं नेहमीसारखं चालवा, मग बॅटरी काढून तीन जागा चाचपा: बॅटरी, कनेक्टर आणि मुठीचा तळ, जिथे मोटर असते. मूठ आणि बॅटरी दोन्ही गरम असतील, तर गिअरबॉक्स मोटरकडून जास्त काम करून घेतोय आणि मोटर बॅटरीकडून जास्त करंट ओढतेय. कनेक्टरच सगळ्यात गरम असेल, तर दोष तिथेच. मोटर गार आणि फक्त बॅटरी गरम, तर ती बॅटरी या कामाला कमी पडतेय किंवा म्हातारी झालीय. बंदूक न चालवता, नुसती पडून असताना बॅटरी तापली, तर पुढची कुठलीच तुलना करत बसू नका. ती काढा, बाहेर फरशीवर किंवा मातीवर, पेट घेईल अशा वस्तूंपासून लांब ठेवा. आत कुठेतरी शॉर्ट आहे, बॅटरीत तरी किंवा वायरिंगमध्ये तरी.

कनेक्टर बदलणं: सगळ्यात स्वस्त

बहुतेक बंदुकांना येतो तो मिनी टामिया. त्याच्या पत्र्याच्या पिना वापरून सैल होतात आणि जोडाचा रोध वाढतो. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून हा जोड वाटतो तितका क्षुल्लक नाही. रोध 0.02 ओहम आणि करंट 20 अँपिअर असेल तर त्या एका जोडावर 8 वॅट उष्णता तयार होते. करंट 40 वर गेला की 32 वॅट. प्लास्टिक पिवळं पडलेलं किंवा मऊ झालेलं दिसलं तर वाट पाहू नका.

त्याजागी टी-प्लग किंवा एक्सटी-30 हा घट्ट बसणारा कनेक्टर बसवला की फरक लगेच कळतो. सोल्डरिंग येत असेल तर तासाभराचं काम. बॅटरीकडची वायर कापताना मात्र एका वेळी एकच कापा; दोन्ही एकदम कातरीत आल्या की कातरीतूनच शॉर्ट होतो. बंदुकीला टी-प्लग आणि बॅटरीला जुनाच मिनी टामिया ठेवून मधे अ‍ॅडॉप्टर लावायचा मोह होतो. त्याने एक जोड वाढतो, म्हणून मी तो सल्ला देत नाही.

गिअरबॉक्सकडे बघणं: थोडी मेहनत, पण खरा दोष बहुधा इथेच

आधी न उघडता करता येण्याजोगं एक काम. मुठीच्या तळाला मोटरची उंची ठरवणारा स्क्रू असतो. तो जास्त आवळला असेल तर मोटरचं पिनियन (टोकावरचं छोटं दातेरी चाक) गिअरबॉक्समधल्या पहिल्या, बेव्हल गिअरवर दाबून बसतं, शिट्टीसारखा किरकिरा आवाज येतो आणि करंट चढतो. पाव-पाव फेरा सैल करत आवाज ऐकत जा. फार सैल केला तर दात नीट अडकत नाहीत, गिअर घासले जातात. दोहोंच्या मधली, आवाज सगळ्यात कमी असलेली जागा शोधायची. हे एका अ‍ॅलन कीवर होतं. मी बॅटरी विकत घेण्याआधी हे का केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर स्प्रिंग. जपानमध्ये 2006 पासून 0.98 ज्यूलची मर्यादा आहे, त्यामुळे तिथल्या मूळ बंदुकीत स्प्रिंग मऊ असते आणि साधी 8.4 व्होल्टची निकेल बॅटरी तिला पुरते. ब्रिटनमध्ये पूर्ण स्वयंचलित बंदुकीला कायद्याने 1.3 ज्यूलपर्यंत मुभा आहे. बरीच मैदानं 0.20 ग्रॅमच्या छर्‍याला 350 एफपीएस (सेकंदाला फूट), म्हणजे सुमारे 1.14 ज्यूल इतकी हद्द ठेवतात. मूळ मोटर तशीच ठेवून फक्त जाड स्प्रिंग घातली, तर प्रत्येक छर्‍यामागे मोटरला जास्त कष्ट पडतात आणि ते बॅटरीतून वसूल होतात. एम-120 स्प्रिंग घातलेली असेल आणि मैदानाची मर्यादा एम-100 मध्ये भागत असेल (आकडा मोठा तितकी स्प्रिंग कडक), तर बॅटरी बदलण्यापेक्षा हलकी स्प्रिंग घाला.

गिअर तिरके बसले असतील, शिम (गिअरखालच्या पातळ चकत्या) चुकीच्या जाडीच्या असतील, किंवा पॅकिंगखाली एखादी वायर चेपून उघडी पडली असेल, तर गिअरबॉक्स उघडावाच लागतो. स्प्रिंग ताणलेली असते, झाकण उचलताना ती उडते. पहिल्यांदा करताना शेजारी अनुभवी माणूस असू द्या, नाहीतर कारागिराकडे द्या. आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून तो काढून वायर सरळ जोडू नका. तो फ्यूजच तुम्हाला सांगतोय की करंट कुठेतरी जास्त जातोय.

बॅटरी बदलायचीच असेल तर कोणती

निकेल-मेटल हायड्राइड सहनशील असते. एका सेलचे 1.2 व्होल्ट, म्हणून 8.4 मध्ये 7 सेल आणि 9.6 मध्ये 8. थोडी जास्त उतरली, चुकून पडली, तरी आग लागण्याची धास्ती कमी. पण दस्त्यात मावणारे छोटे सेल जास्त करंट देताना दमतात, व्होल्टेज खाली बसतं आणि सेल स्वतः तापतात. हिची दुसरी गंमत चार्जिंगची. भरत आली की येणारी वीज उष्णतेत जाते. बंदुकीबरोबर मिळणारा साधा चार्जर भरल्याचं ओळखत नाही: 300 मिलिअँपिअरचा चार्जर 1600 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी 6-7 तासांत भरतो, तुम्ही रात्रभर लावून ठेवली तर उरलेला वेळ ती नुसती शिजते. चार्ज करतानाच तापत असेल तर बॅटरीला नाही, चार्जरला दोष द्या.

7.4 व्होल्टची लायपो त्याच जागेत जास्त करंट सहज देते. किती करंट देता येईल ते काढायला लेबलवरचा सी-आकडा क्षमतेने गुणायचा: 1100 मिलिअँपिअर-तास आणि 15 सी म्हणजे 16.5 अँपिअर, 1300 आणि 25 सी म्हणजे 32.5. साधी बंदूक 10 ते 20 अँपिअर ओढते, शिवाय लेबलवरचे आकडे उदारपणे छापलेले असतात. म्हणजे पहिली बॅटरी काठावर आहे आणि ती तापणारच. दुसरी आरामात चालेल. दोघींचं व्होल्टेज तेच, त्यामुळे गिअरवर ताण वाढत नाही. मोबदल्यात लायपो शिस्त मागते. सेल 3.0 व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही, प्रत्येक सेल सारखा भरणारा बॅलन्स चार्जरच वापरायचा, नजरेआड चार्ज करायचं नाही, आठवडाभर ठेवायची तर सेलमागे सुमारे 3.8 व्होल्टवर. फुगलेली लायपो पुन्हा वापरू नका, टोचू नका, घरच्या कचर्‍यातही टाकू नका; पुनर्वापर केंद्रात द्या.

11.1 व्होल्टची लायपो तापण्यावरचा उपाय नाही. ट्रिगर ओढल्याच्या क्षणी थांबलेल्या मोटरला बसणारा करंटचा धक्का दीडपट होतो, आणि एकेक गोळी झाडत राहणार्‍याला हा धक्का दर वेळी बसतो. पिस्टन, गिअर आणि ट्रिगरचे संपर्क त्यासाठी बांधलेले असतील तरच ती घ्या. संपर्क जळू नयेत म्हणून मॉसफेट (मोटरचा करंट स्वतःवर घेणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवतात, पण मॉसफेट गिअरबॉक्सचं घर्षण कमी करत नाही.

लिथियम-आयनमध्ये त्याच आकारात जास्त क्षमता मिळते, धातूचा डबा मजबूत असतो. दिवसभर चार्जरशिवाय खेळणार्‍याला ती सोयीची. फक्त बर्‍याच सेलची करंट देण्याची ताकद लायपोहून कमी असते, म्हणून क्षमतेचा मोठा आकडा पाहून भुलू नका. किती अँपिअर देते ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. लिथियम-आयर्न-फॉस्फेट 9.9 व्होल्टला मिळते, उष्णतेत जास्त स्थिर असते, पण आकार जरा मोठा. तिला चार्जरवर वेगळी सेटिंग लागते, सेल 3.6 व्होल्टच्या आसपास भरतो, लायपोच्या 4.2 वर लावली तर ती खराब होते.

मुलाला पहिली बंदूक देणार असाल आणि चार्जिंगकडे लक्ष द्यायला वेळ नसेल, तर मी निकेल आणि एक स्मार्ट चार्जर घ्यायला सांगेन. दर आठवड्याला खेळणार्‍याने 7.4 ची, 20-25 सी ची लायपो घ्यावी. दोघांनीही आधी तो मोटरचा स्क्रू आणि कनेक्टर तपासावा.

माझ्या बंदुकीत शेवटी नवा पिस्टन, अर्धा फेरा सैल केलेला स्क्रू, टी-प्लग आणि 7.4 ची 25 सी लायपो आहे. गेल्या रविवारी तीन फेर्‍यांनंतर बॅटरी काढून तळहातावर ठेवली, तर ती हातमोज्याइतकीच गार होती.