दीक्षा पोर्टल: द्विशिक्षकी शाळेत आठ महिने वापरल्यावर

आमची शाळा जिल्हा परिषदेची. पहिली ते पाचवी, पट 27, शिक्षक दोन. दोघांत पाच वर्ग म्हटल्यावर एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला कामात गुंतवावंच लागतं. त्यासाठी जूनपासून मी दीक्षा, म्हणजे शाळेच्या पाठांचे व्हिडिओ आणि सराव देणारं सरकारी पोर्टल, जवळजवळ रोज वापरतोय.

सगळ्यात उपयोगी पडतो तो पुस्तकातला क्यूआर कोड. तो स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य समोर येतं, शोधत बसावं लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत असे कोड वापरले, 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कारही त्यांना मिळाला. जिल्हा परिषदेचा शिक्षक म्हणून याचा मला फार अभिमान वाटतो. दुसरी सोय म्हणजे एकदा उतरवून घेतलेलं साहित्य नेटशिवाय चालतं. आमच्याकडे रेंज शाळेत नाही, वरच्या खिंडीत येते. रविवारी बाजाराला तालुक्याला गेलो की आठवड्याचं उतरवून आणतो आणि मोबाईल टीव्हीला जोडतो. टीव्ही गावाने लोकवर्गणीतून दिलाय.

ऑगस्टमध्ये पाचवीला सममूल्य अपूर्णांक घेतले. पडद्यावर एका पट्टीचे चार भाग, त्यातले तीन रंगवलेले. मग त्याच पट्टीचे आठ भाग झाले. एक मुलगी उठली, रंगवलेल्या भागाच्या कडेला टीव्हीवर बोट टेकवून उभी राहिली आणि भाग बदलले तरी कड बोटापासून हलली नाही हे तिने सगळ्यांना दाखवलं. मग जागेवर जाऊन कागदाची पट्टी घडी घालून तिने तेच पुन्हा करून पाहिलं. इतकी वर्षं मी फळ्यावर हेच शिकवतोय, पण मुलं "वर-खाली दोनने गुणायचं" एवढंच पाठ करायची. एक मात्र आहे, निवेदन प्रमाण मराठीत असतं. मी दर मिनिटाला थांबवून मुलांच्या घरच्या बोलीत सांगतो, तेव्हा कुठे ते पोचतं.

आता पैशाचं. आम्हाला एक रुपया पडत नाही म्हणून सगळे याला फुकट म्हणतात. पण सर्व्हर, चित्रं, आवाज, विषयतज्ज्ञांची तपासणी, या प्रत्येकाला खर्च आहे आणि तो एकदाच करून संपत नाही. दीक्षा 5 सप्टेंबर 2017 ला सुरू झाली ती सनबर्ड या खुल्या, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या सॉफ्टवेअर प्रणालीवर. राज्यांना तिचाच आधार घेता येतो, प्रत्येकाला शून्यापासून बांधायला नको. तिथे वाचलेला पैसा साहित्य घडवण्यात आणि सांभाळण्यात गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. 2025 मध्ये पहिलीचं पुस्तक बदललं, पुढे बाकीची बदलतील. पुस्तक बदललं की कोड, व्हिडिओ, सराव सगळं नव्याने करावं लागतं. ही तरतूद दरवर्षी हवी.

मला हे इतकं का लागलंय तेही सांगतो. पूर्वी मी दुसऱ्या एका संकेतस्थळावर विसंबून होतो. प्रकल्पाची मुदत संपली, निधी थांबला आणि एका सकाळी पानच उघडेना. दोन वर्षं जमवलेल्या चाळीसएक स्वाध्यायपत्रिका त्यात गेल्या. त्या दिवशी चौथीचा तास मी फळ्यावर कसाबसा उरकला.

आणि शेवटच्या टोकाला, म्हणजे शाळेत काय उरतं? समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेतून 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 10,000 रुपये. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेला. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती त्यातूनच. रिचार्ज माझ्या खिशातून जातो. माझी तक्रार पैशाच्या रकमेपेक्षा याची आहे की हा खर्च कुठल्याच रकान्यात दिसत नाही. पोर्टलचा निधी ठरवताना लहान शाळांच्या डेटाचा वेगळा रकाना धरावा. बोलीभाषेतलं निवेदन त्या त्या भागातल्या शिक्षकांकडून मानधन देऊन करून घ्यावं. आमच्या केंद्रातच, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, असे तिघे-चौघे आहेत, सांगाल त्या दिवशी आवाज द्यायला बसतील.

ज्या शिक्षकांनी अजून वापरलं नाही त्यांनी जरूर वापरावं, फक्त साहित्य आधी स्वतः पूर्ण पाहून घ्या आणि मेमरी कार्ड मोठं ठेवा. निधीचा मुद्दा मी येत्या शिक्षण परिषदेत लेखी देणार आहे. सोबत जूनपासूनच्या रिचार्जच्या पावत्या लावतोय.