काउंटरवरचा मोबाइल विमा: पाचपैकी दोन गुण

सोलापुरात नवी पेठेत फोनसोबत गळ्यात मारला जाणारा हा विमा स्क्रीन फुटली तर बरा. फोन गेला की खरी गंमत. बहुतेक पॉलिसींत ‘हरवला’ चालत नाही, पोलीस तक्रारीत ‘चोरी’च हवी. शिवाय बिलावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, जुळला पाहिजे. वॉरंटीत मदरबोर्ड बदलला की तो नंबरही बदलतो आणि क्लेम तिथेच अडकतो; म्हणून *#०६# दाबून ताडून बघा, जॉबशीट (सर्व्हिस सेंटरची दुरुस्तीची पावती) जोडून नवा नंबर कंपनीला कळवा. घसारा कापून हातात किती येणार, हे दुकानदार सांगतोय कशाला! नकार लेखीच घ्या. कंपनीकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे पुण्याचे विमा लोकपाल. कागदावर विमा कंपनीच नसेल, नुसता ‘प्रोटेक्शन प्लॅन’ असेल, तर ग्राहक आयोग.